हिंदी-मराठी पडद्यावरील दखनी बोली : हास्यापलीकडचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत चित्रपट आणि मालिकांच्या चर्चेत बोलींना आलेले महत्त्व लक्षणीय आहे. ‘सैराट’ (२०१६) मध्ये करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्याच वर्षी ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतून मालवणी घरोघर पोहोचली. तोवर मराठी प्रेक्षकाला ती प्रामुख्याने ‘वस्त्रहरण’सारख्या नाटकांतून आणि विनोदी नोकरांच्या भूमिकांतून परिचित होती. हिंदीत ‘मिर्झापूर’ (२०१८) आणि ‘पंचायत’ (२०२०) या मालिकांनी पूर्वेकडील हिंदीच्या बोलींना प्रमुख पात्रांची भाषा केले. बोलीत प्रेम करता येते, कट करता येतो, मरता येते, हे आता निर्मात्यांना मान्य झाले आहे. ही स्वागतार्ह घटना आहे. मात्र या स्वागतसमारंभात आपल्या भागाची बोली, म्हणजे दखनी, कोठे उभी आहे, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. दखनी पडद्यावर नव्याने आलेली नाही. ती तेथे साठ वर्षांपासून आहे. पण तिला तेथे नेमून दिलेले काम एकच आहे, ते म्हणजे हसवण्याचे. या नेमणुकीचा परिणाम बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील बोलणाऱ्यांवर काय झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी सीमाभागातील एका कन्याशाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता ‘माझी आजी’. आठवी-नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मेरी दादी गुजर गए सो दिन मैं इस्कूल को गइच नै.” सभागृह हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. दखनीत कोणी माइकवर बोलू लागले की आता विनोद येणार, अशी सवयच श्रोत्यांना झालेली होती. मुलगी थांबली, मग पाठ्यपुस्तकातील उर्दूत तिने पुन्हा सुरुवात केली. मातेची माता, तिची शफकत, तिची नसीहत असे सर्व काही त्या भाषणात आले. फक्त दादी आली नाही. आम्ही परीक्षकांनी तिला दुसरे पारितोषिक दिले आणि शेऱ्यात ‘तलफ्फुज चांगला’ असे लिहिले. ते लिहिणारा हात माझाच होता, म्हणून हा प्रसंग विसरता येत नाही.

त्या मुलीचे पहिले वाक्य हास्यास्पद होते काय? त्यातील ‘गइच नै’ म्हणजे मराठीतील ‘गेलेच नाही’. हा ‘च’ उत्तरेच्या हिंदी-उर्दूत नाही, तो मराठीने दिलेला आहे. ‘नक्को’ हा आपला ‘नको’ आहे आणि ‘कायकू’ मधील ‘काय’ उघडच आहे. ‘गुजर गए सो दिन’ या रचनेचा सांधा मात्र कन्नडशी जुळतो. कन्नडमध्ये ‘तीरिहोद दिन’ म्हणतात, तसाच हा बांधा आहे. ‘बारिश आई बोलके नै गया’ यातील ‘बोलके’ म्हणजे मराठीतील ‘पाऊस आला म्हणून गेलो नाही’ यातील ‘म्हणून’, आणि कन्नडमधील ‘अंत’. एका मुलीच्या एका वाक्यात तीन भाषांचा पाचशे-सहाशे वर्षांचा शेजार नांदत होता. दे. व्यं. चौहान यांनी ‘मराठी आणि दक्खिनी हिंदी’ या ग्रंथात या नात्याचा सविस्तर अभ्यास केला आहे; तो आपल्या भागातील किती ग्रंथालयांत उघडला जातो, हे विचारण्यात अर्थ नाही.

शिवाय ही बोली कोणाच्या घरच्या स्वयंपाकघरातच वाढली असे नाही. १३४७ मध्ये बहमनी सत्तेची राजधानी गुलबर्ग्यात आली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने ती बीदरला नेली. त्याच काळातील फख्रुद्दीन निजामीची ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी दखनीतील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी दीर्घ काव्यरचना मानली जाते. तिचे एकमेव हस्तलिखित कराचीत होते. जमील जालिबी यांनी ते संपादित करून १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दखनी गद्याच्या कर्तृत्वाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. परंतु गुलबर्ग्याच्या खानकाहीतील लोकशिक्षणाची भाषा म्हणून दखनी वाढली, याविषयी फारसा वाद नाही. याच भूमीत शाह मुंतोजी बहमनी यांनी मराठीत ग्रंथरचना केली. एकाच प्रदेशात मुसलमान कवी दखनीत लिहीत होता आणि मुसलमान संत मराठीत. हसण्यासाठी म्हणून ही भाषा कोणी घडवलेली नव्हती.

पडद्यावर मात्र तिची ओळख झाली ती ‘गुमनाम’ (१९६५) मधल्या मेहमूदच्या बटलरमुळे. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या या रहस्यपटात एका निर्जन बंगल्यात माणसे एकामागून एक मरत असतात. भय, संशय, प्रेम या भावना ज्यांच्या वाट्याला आल्या आहेत ती सर्व पात्रे प्रमाण हिंदी बोलतात. दखनी बोलतो तो नोकर आणि त्याचे काम प्रेक्षकाला मध्येमध्ये श्वास घेऊ देण्याचे. मेहमूद यांच्या अभिनयाबद्दल येथे तक्रार नाही. ते उच्च कोटीचे नट होते आणि ती भूमिका आजही पाहावीशी वाटते. तक्रार त्यानंतर पडलेल्या साच्याबद्दल आहे. ‘शोले’ (१९७५) मधील सूरमा भोपालीने भोपाळच्या बोलीचे जे केले, तेच या बटलरने दखनीचे केले. पुढे हिंदी संवादलेखकांना ‘हौ’, ‘नक्को’ आणि ‘मियाँ’ एवढ्या तीन शब्दांची फोडणी पुरेशी वाटू लागली. चित्रपटातील दखनी खरी की खोटी हे ओळखण्याची एक सोपी कसोटी सुचवावीशी वाटते : ‘नक्को’ मोजू नका, ‘बोलके’ आणि ‘सो’ ऐका. शब्द उसने आणता येतात, वाक्याचा बांधा आणता येत नाही.

या साच्याला पहिला छेद श्याम बेनेगल यांनी दिला, हे निःसंशय. सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत १९३४ मध्ये जन्मलेल्या या दिग्दर्शकाच्या कानात ही बोली लहानपणापासून होती. ‘अंकुर’ (१९७४) मध्ये शबाना आझमींची लक्ष्मी दखनी ढंगात बोलते. तिचा नवरा किष्टय्या मुका-बहिरा आहे. घरात बोलणारी ती एकटी. म्हणजे त्या घराचे दारिद्र्य, लाज, भूक, सर्व काही तिच्याच तोंडून बाहेर पडते. अखेरीस जमीनदाराचा मुलगा किष्टय्याला चाबकाने फोडतो तेव्हा लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना दखनी ही विनोदाची भाषा आहे असे पुन्हा वाटू नये. तेथे कोणीही हसत नाही. शेवटी एक लहान मुलगा त्या घरावर दगड भिरकावतो; तो दगड प्रसिद्ध झाला, त्या आधीची शिवी मात्र समीक्षकांनी फारशी ऐकली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, तो रास्त आहे. तेलंगणातील खेड्यातली दलित स्त्री प्रत्यक्षात तेलुगू बोलली असती. हिंदी प्रेक्षकासाठी बेनेगल यांनी दखनीचा आधार घेतला. हे खरेच आहे. परंतु निजामाच्या राज्यात बाजार, कचेरी, जमीनदाराचा वाडा येथे जातिधर्मापलीकडे वापरली जाणारी जी बोली होती ती दखनीच होती, आणि बीदरच्या बाजारात ती आजही लिंगायत व्यापारी, मराठा शेतकरी आणि मुसलमान कारागीर यांच्यात चालते. ‘अंकुर’ने नकळत हेही दाखवून दिले की दखनी ही केवळ मुसलमानांची बोली नाही. नंतर ‘मंडी’ (१९८३) मध्ये, गुलाम अब्बास यांच्या ‘आनंदी’ कथेवर आधारलेल्या कोठ्याच्या मालकिणीच्या भूमिकेत, शबाना आझमींनी हीच बोली लाडीगोडी, धूर्तपणा आणि वृद्धत्वाचे भय अशा सर्व अंगांनी वापरली. ‘वेल डन अब्बा’ (२०१०) हा विनोदी चित्रपट आहे, पण तेथे हसू येते ते सरकारी विहीर कागदावरच खोदणाऱ्या यंत्रणेचे. बोमन इराणींच्या अरमान अलीच्या बोलण्याचे ते हसू नाही. जीलानी बानो यांच्या कथेचा त्याला आधार होता, हे येथे लक्षात घ्यावे. ज्यांना ती माणसे ठाऊक होती त्यांच्याकडून कथा आली. बेनेगल २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांनी उघडलेल्या या वाटेवर मुख्य प्रवाहातील फार थोडे लोक चालले.

प्रवाह वळला तो दुसरीकडेच. २००६ मध्ये कुंटा निखिल यांचा ‘द अंग्रेज’ आणि लक्ष्मीकांत चेन्ना यांचा ‘हैदराबाद नवाब्ज’ आले. अल्प खर्चात, बहुतांशी अपरिचित नट घेऊन केलेले हे चित्रपट. ‘अंग्रेज’ मधील चारमिनारजवळ बसून बढाया मारणारा इस्माईलभाई आणि त्याची टोळी यांनी हैदराबादपासून आखाती देशांतील आपल्या लोकांपर्यंत सर्वांना वेड लावले. या चित्रपटांचे श्रेय नाकारता येणार नाही. प्रथमच संपूर्ण चित्रपट आपल्या बोलीत, आपल्या माणसांनी, आपल्यासाठी केला होता. त्यातील दखनीचा बांधा अस्सल आहे आणि वर सांगितलेल्या कसोटीला ती पूर्ण उतरते. पण दुर्दैव असे की जेव्हा बोली आपल्या हाती आली तेव्हा आपणही तिला तेच काम दिले जे मेहमूदच्या काळापासून तिला दिले गेले होते. इस्माईलभाई बेकार आहे, रिकामटेकडा आहे, शूरपणाचा आव आणतो आणि मार खातो. जुन्या शहरातील बेकारी ही शोकांतिका आहे. चित्रपटाने तिच्याकडे पाहिले, हसला आणि पुढे गेला. आज मोबाइलवर फिरणाऱ्या दखनी चित्रफितींत हाच इस्माईलभाई हजार रूपांत दिसतो. सासू, कंजूष नवरा, बिर्याणी आणि शेजारीण हे त्यांचे ठरलेले विषय.

२०१४ मध्ये हिंदीत दोन चित्रपट आले ज्यांत हैदराबादची मुसलमान मुलगी नायिका होती. समर शेख यांच्या ‘बॉबी जासूस’ मध्ये विद्या बालनची बिल्किस मोगलपुऱ्यातील तंग घरातून गुप्तहेर होऊ पाहते. चित्रपट रहस्य म्हणून फिका पडतो, परंतु तिच्यावर रुसलेला बाप आणि ती यांच्यातील अबोल्याची दृश्ये खरी वाटतात. हबीब फैसल यांच्या ‘दावत-ए-इश्क’ मध्ये परिणीती चोप्राची गुलरेज हुंड्याच्या मागण्यांना कंटाळून वडिलांसह लखनऊला जाते आणि खोट्या नावाने वरपक्षालाच लुबाडण्याचा बेत करते. विषय गंभीर होता. हुंड्यापायी मोडलेली लग्ने आणि वाकलेले बाप बीदर-कलबुर्गीच्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. पण चित्रपट लवकरच कबाब-बिर्याणीच्या स्पर्धेत आणि प्रेमात रमतो, आणि पोरीच्या बापाची भीती मागे पडते.

याच विषयावर, याच बोलीत, आपल्याच जिल्ह्यांतील एका माणसाने किती वेगळे काम करून ठेवले आहे! बीदर जिल्ह्यातील चिटगुप्प्याचे आणि गुलबर्ग्यात हयात घालवलेले सुलेमान खतीब (मृत्यू १९७८) यांना मुशायऱ्यांचे श्रोते विनोदी कवी म्हणून ओळखत. ‘केवड़े का बन’ हा त्यांचा संग्रह. मात्र ‘छोरा छोरी’ ही लग्नाच्या सौद्यावरची त्यांची नज्म ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिची सुरुवात वरमाईच्या फुशारक्यांनी होते, श्रोते खो-खो हसतात, आणि मग केव्हातरी हसू घशात अडकते. खतीब भाषा बदलत नाहीत. रडवायचे म्हणून ते प्रमाण उर्दूकडे वळत नाहीत. ज्या ‘नक्को’ ने हसवले त्याच ‘नक्को’ ने रडवतात. माझ्या मते दखनी चित्रपटाच्या संवादलेखकासाठी यापेक्षा मोठी पाठशाळा नाही. ‘दावत-ए-इश्क’ सारख्या चित्रपटाला जे साधले नाही ते एका माणसाने माइकसमोर उभे राहून, कोणत्याही पडद्याशिवाय साधले होते.

दूरचित्रवाणीचा विचार केला तर आपल्या भागाचा अनुभव बराच जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, त्यात कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. देशातील अनेक मोठ्या शहरांच्या आधी गुलबर्ग्याच्या खेड्यांनी दूरदर्शन संच पाहिला. कार्यक्रम कन्नडमध्ये होते आणि ते योग्यच होते. पण शेतीचा सल्ला कन्नडमध्ये, बातम्या हिंदीत, गझल उर्दूत आणि गंमत दखनीत, ही वाटणी तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसत गेली.

मराठी पडद्याने दखनीशी केलेला व्यवहार आणखी विचित्र आहे. मालिकांतील मुसलमान पात्र मराठी वाक्याला ‘क्या’ आणि ‘है’ जोडून जी भाषा बोलते ती दखनी नव्हे, हिंदी नव्हे आणि मराठीही नव्हे. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर किंवा आपल्या भालकी-औरादचा मुसलमान मराठी अस्खलित बोलतो आणि घरी दखनी बोलतो. एकाच वाक्यात दोन्हींचा खिचडा करणारा माणूस तेथे शोधावा लागेल. ऐतिहासिक मालिकांत तर विजापूरचे सरदार लखनवी थाटात ‘गुस्ताखी’ आणि ‘बेशक’ म्हणत असतात. ज्या आदिलशाही दरबारात इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ लिहिली आणि ज्या मोहिमा या मालिकांत दाखवतात त्यांवरच नुस्रतीने ‘अलीनामा’ दखनीत रचला, त्या दरबाराला उत्तरेची भाषा देण्याचा परिणाम काय होतो? तो दरबार परका ठरतो. त्याच्या तोंडी ‘च’ आणि ‘नक्को’ असते तर मराठी प्रेक्षकाला निदान एवढे तरी जाणवले असते की हा शत्रू शेजारचा आहे. या बाबतीत ‘सैराट’ मधील सल्याची आठवण होते. परश्याचा हा मित्र मुसलमान आहे, हे त्याच्या नावाखेरीज कशातूनही जाणवून दिले जात नाही. तो गावाचीच मराठी बोलतो. नागराज मंजुळे यांनी त्यावर भाष्य केले नाही, हेच त्यांचे मोठेपण.

हास्याच्या साच्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. हसवणे नसेल तेव्हा मुसलमानाची भाषा धमकावण्यासाठी येते. रझाकारांवरील मराठी ‘रझाकार’ (२०१५) आणि तेलुगूत होऊन हिंदी-कन्नडसह अन्य भाषांत आलेला ‘रझाकार’ (२०२४) हे चित्रपट आपल्याच प्रदेशाच्या इतिहासाविषयी आहेत. रझाकारांचे अत्याचार घडले, बसवकल्याणजवळच्या गोरट्याचे दुःख खरे आहे, आणि ते नाकारणारा मुसलमान स्वतःच्या समाजाचे भले करत नाही. ‘इमरोज’ चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण गमावले, ते मुसलमानच होते. पण त्याच वर्षी सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि पुढील आठवड्यांत जे घडले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने केली. तिच्या अंदाजानुसार किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बीदर होते. हा अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. या भागातील घराघरांत त्या दिवसांची आठवण सांगितली जाते ती दखनीत, आवाज खाली करून, बहुधा स्त्रियांकडून. चित्रपटांत मात्र १९४८ चा मुसलमान घोषणा देतो. तो रडत असलेला, लपत असलेला, विहिरीकडे पाहणारा पडद्यावर येत नाही. गोरट्याच्या विधवेचे आणि गुलबर्ग्याच्या विधवेचे दुःख एकाच चित्रपटात मावणार नाही, असे मानणाऱ्या निर्मात्याला इतिहास कळला नाही असेच म्हणावे लागेल.

दोष केवळ मुंबई-हैदराबादच्या निर्मात्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्या उर्दू शाळांत दखनी ही चूक म्हणून दुरुस्त केली जाते. ‘लोगां’ लिहिले की लाल शाई, ‘मेरेकू’ म्हटले की हशा. प्रमाण उर्दू शिकवली पाहिजे, यात दुमत नाही. तिच्याशिवाय मुलांना गालिबही कळणार नाही आणि नोकरीही मिळणार नाही. परंतु घरची भाषा ही बिघडलेली उर्दू आहे असे शिकवणे आणि ती वेगळी, जुनी, मराठी-कन्नडच्या सहवासात वाढलेली भाषा आहे असे शिकवणे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात वाढलेला मुलगा मोठा होऊन चित्रफीत करू लागला तर ती हास्याचीच करील, कारण या भाषेत दुसरे काही करता येते हे त्याला कोणी दाखवलेलेच नाही. खतीब यांची ‘छोरा छोरी’ शाळेच्या स्नेहसंमेलनात सादर होते तेव्हा बहुधा पूर्वार्धावर टाळ्या पडतात आणि उत्तरार्ध वेळेअभावी गाळला जातो.

आळंद, हुमनाबाद, बसवकल्याण येथील मोहल्ल्यांत पोलिस कारवाई पाहिलेल्या स्त्रिया आता फार थोड्या उरल्या आहेत. ज्या आहेत त्या पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हातात मोबाइल आहे आणि चित्रफीत करण्याचे कसब त्यांना कोणत्याही शाळेने शिकवलेले नसताना येते. आपल्या शिक्षणसंस्थांनी पुढील वर्षी वक्तृत्वाऐवजी अशा ध्वनिचित्रमुद्रणाची स्पर्धा ठेवली, तर परीक्षकांच्या गुणपत्रिकेतून तलफ्फुजचा रकाना आधी काढावा लागेल.